चोवीस व्होल्टसाठी मूळ मागणीदाराची संमती

प्रति,
मा. सहायक अभियंता,
अपारंपरिक ऊर्जा साहाय्य कक्ष,
धाराशिव.

विषय : कै. बब्रुवान केरबा सुरवसे ऊर्फ तात्या यांच्या मंजूर मागणीतील चार्ज कंट्रोलर २४ व्होल्टचाच मिळणेबाबत, व त्यासाठी मूळ मागणीदाराची संमती सादर करणेबाबत.

संदर्भ : १) तात्यांची मागणी, दि. ६ मे २०२४.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. २१ एप्रिल २०२५ ("व्होल्टेजमधील बदलास मूळ मागणीदाराची संमती जोडावी").

अर्जदार : भैरवी बब्रुवान सुरवसे, वय ४१, व्यवसाय ग्रंथपाल, रा. सुरवसे वस्ती, बेंबळी शिवार, ता. जि. धाराशिव.

महोदय,

संदर्भ क्र. २ च्या पत्राने मागितलेली संमती सोबत जोडली आहे. ती नेहमीच्या नमुन्यातली नाही, म्हणून तिच्यामागची हकीकत सांगणे अर्जदारास भाग आहे.

१. अर्जदाराचे वडील तात्या हे निवृत्त विज्ञान शिक्षक. विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबले आणि सुरवसे वस्ती पलीकडे राहिली. दहा वर्षे वाट पाहून तात्यांनी माळावर सौर पॅनेल मांडले आणि तीस फुटी मनोऱ्यावर छोटी पवनचक्की चढवली. ऊन आणि वारा या दोन्हींची वीज एकाच कंट्रोलरमधून चार बॅटऱ्यांत जात असे. किती वीज आत घ्यायची आणि कधी पुरे म्हणायचे, हे ठरवणे कंट्रोलरचे काम. मे २०२४ मधल्या अवकाळी पावसात वीज पडून तो जळाला. तात्यांनी पवनचक्कीच्या पंख्याच्या तिन्ही तारा एकत्र पिळून त्याला ब्रेक लावला, आपल्या कार्यालयात मागणी दिली आणि दि. १९ जून २०२४ रोजी ते वारले. पंखा अजून ब्रेकवरच उभा आहे.

२. मागणीत तात्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते : "२४ व्होल्ट. सौर व पवन दोन्हींसाठी. जिरवणीसह." याची कारणे त्यांच्या वहीत आहेत (सोबत क्र. १). बाराचा घेतला तर तेवढ्याच विजेला दुप्पट प्रवाह लागतो, आणि मनोऱ्यापासून घरापर्यंतच्या दीडशे फूट तारेतच निम्मा वारा तापून जातो. अठ्ठेचाळीसचा कागदावर उत्तम. पण अर्जदाराची आई मथुराबाई या घरातली प्रत्येक वस्तू, जोडण्यांसकट, ओल्या फडक्याने पुसतात, ओल्या हाताला अठ्ठेचाळीसचा झटका बसू शकतो, आणि त्यांना सांगून उपयोग होत नाही असा तात्यांचा बेचाळीस वर्षांचा अनुभव होता. सबब चोवीस. जिरवणीबद्दल त्यांनी लिहिले आहे : "बॅटरी भरली की पॅनेलला थांब म्हणता येतं. वाऱ्याला थांब म्हणता येत नाही, त्याला दुसरं काम द्यावं लागतं." ते काम म्हणजे हंड्यात सोडलेली एक कॉइल. जादा वीज पाण्यात जिरे. आषाढात वारा सुटला की शेजारच्या हरणाबाई घागर घेऊन गरम पाण्याला येत.

३. ऑगस्टमध्ये आपल्याकडून कंट्रोलर आला. तो बारा व्होल्टचा होता. अर्जदार तो परत घेऊन आली असता आपले तांत्रिक सहायक श्री. उत्कर्ष यांनी अत्यंत आपुलकीने सांगितले, "ताई, बारा अन् बारा चोवीसच की. आणखी एक देतो, दोन बसवा." बेरीज बरोबर आहे. मात्र कंट्रोलर हे पोळ्यांसारखे मोजून वाढायचे नसतात, हे अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले.

नोव्हेंबरमध्ये अठ्ठेचाळीसचा आला. श्री. उत्कर्ष म्हणाले, "जास्तच दिलंय की ताई, कमी थोडंच दिलंय." त्यानंतरच्या पत्रात आपल्या कार्यालयाने चारही बॅटऱ्या एका ओळीत जोडण्याचा सल्ला दिला. तसे केल्यास अठ्ठेचाळीस होतात हे खरे. परंतु पंख्याची गुंडाळी, घरातले दिवे, छताचा पंखा आणि विहिरीवरची छोटी मोटर हे सारे चोवीसचे आहे. म्हणजे कंट्रोलर तेवढा तसाच ठेवून बाकी सगळे घर बदलावे लागेल. शेवटी आईही. त्यास आईची संमती नाही.

४. दि. १८ डिसेंबर रोजी स्थळपाहणी झाली. अहवालाचा निष्कर्ष असा : "पंखा फिरत नाही, सबब वारा नाही, सबब पवनासह कंट्रोलरची आवश्यकता नाही." पंखा ब्रेकवर आहे असे पाहणी अधिकाऱ्यांना तीन वेळा सांगितले होते. ते लिहीत असताना अहवालाचे पहिले पान वाऱ्याने उडून हरणाबाईंच्या तुरीत गेले. आपल्या दप्तरी तो अहवाल दुसऱ्या पानापासून सुरू होतो, तो त्यामुळे. पहिले पान हरणाबाईंनी जपून ठेवले होते, ते सोबत जोडले आहे (सोबत क्र. २).

५. आता संमतीबाबत. मागणी तात्यांच्या नावे मंजूर असून मंजुरीपत्रात व्होल्टेजच्या रकान्यात "४८" असे छापले गेले आहे. ते दुरुस्त करण्यास मूळ मागणीदाराची संमती लागते. मृत्यूचा दाखला दोनदा दिला. त्यावर, दाखला ठीक आहे परंतु संमती त्यातून दिसत नाही, असे कळविण्यात आले. हेही खरेच. अर्जदाराने बराच विचार केला. वारल्यानंतर तात्यांनी एकदाच मत दिले आहे, दि. २८ जून २०२४ रोजी, दहाव्याला, ओढ्याच्या काठी, एकवीस माणसांसमक्ष.

पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवत नव्हता. बाभळीवर बसून बघत होता. अर्जदाराचे चुलते शिवानंदकाका हात जोडून म्हणाले, "तात्या, वहिनीची काळजी करू नगा, आमी हाय." कावळा हलला नाही. "विहिरीचा गाळ काढतो." नाही. मग काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बांधाचं जे काय हाय, ते बी मिटवू." कावळ्याने काकांकडे मान वळवून पाहिले आणि पुन्हा फिरवली. लोकांना ऊन लागू लागले होते. कुणीतरी दर्भाचा कावळा करून शिववावा म्हणाले. तेव्हा हरणाबाई अर्जदाराला म्हणाल्या, "पोरी, तू बोल. त्यांचा जीव त्या पंख्यात हाय, तुला ठावं न्हाय व्हय?"

अर्जदार ग्रंथपाल आहे. कावळ्यांविषयी तिने बरेच वाचले आहे आणि त्यात विजेचा उल्लेख कुठेही नाही. तिचा अशा गोष्टींवर विश्वास आहे की नाही हा या अर्जाचा विषय नाही. ती एवढेच म्हणाली, "तात्या, कंट्रोलर बसवीन." कावळा बाभळीवरून खाली दगडावर आला. तिथेच थांबला. शिवानंदकाका मागून हळूच म्हणाले, "कितीचा त्ये सांग की." "चोवीसचा." कावळा दोन उड्या पुढे आला आणि पिंडापासून हातभर अंतरावर पुन्हा थांबला. अर्जदार म्हणाली, "उन्हाचा अन् वाऱ्याचा, दोन्हींचा. जिरवणीसकट." कावळ्याने पिंडाला चोच लावली.

हे सारे योगायोगाने घडले असू शकते. परंतु मागणीतील तिन्ही बाबी, त्याच क्रमाने, मूळ मागणीदाराच्या वतीने मान्य झाल्या. उपस्थितांपैकी एकोणीस जणांच्या सह्यांचे व अंगठ्यांचे निवेदन सोबत क्र. ३ म्हणून सादर आहे. एक गृहस्थ या वर्षात वारले. शिवानंदकाकांनी सही केली नाही. बांधाचे वाक्य निवेदनात आहे, ते काढा मग करतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

६. घाई एवढ्यासाठी की तात्यांचे वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे रविवार दि. ८ जून २०२५ रोजी आहे. न फिरणारा पंखा दारात अशुभ, असे शिवानंदकाकांचे मत असून वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मनोरा उतरवून न्यायला त्यांनी उमरग्याचा भंगारवाला ठरवला आहे. कोरडवाहू रानाच्या बांधाच्या वादात त्यांनी जितकी चिकाटी दाखवली त्याच्या निम्मी जरी इथे दाखवली, तरी मनोरा जाईल. आईने अद्याप होय किंवा नाही म्हटलेले नाही. मात्र रोज सकाळी ती मनोऱ्याचे खालचे चार फूट ओल्या फडक्याने पुसते.

तात्यांनी हयातीत अर्जदाराकडे काही मागितले नाही. सुट्टीत घरी आल्यावर पंख्याच्या आवाजाने वाचता येत नाही, अशी तक्रार ती करत असे. त्यावर ते पुस्तकाचे नाव विचारत आणि मनोऱ्याखाली जाऊन पंख्याला ब्रेक लावून येत. आता घर इतके शांत आहे की तिचे वर्षभरात एकही पुस्तक वाचून झालेले नाही. तात्यांना तिने आजवर एकच वचन दिले आहे, तेही ते गेल्यानंतर.

७. सबब विनंती की, सोबतची संमती ग्राह्य धरून मंजुरीपत्रातील "४८" च्या जागी "२४" करावे आणि सौर व पवन दोन्हींसाठीचा, जिरवणीची सोय असलेला कंट्रोलर दि. ८ जूनपूर्वी द्यावा. अठ्ठेचाळीसचा कंट्रोलर खोक्यासह परत केला जाईल. त्याचा उपयोग कुणाला तरी होईल. तो वाईट नाही, आमचा नाही एवढेच.

संमती ग्राह्य धरता येत नसेल, तर पर्यायी विनंती अशी. दि. ८ जून रोजी सकाळी साडेअकरा वाजता वस्तीच्या पत्र्यावर काकबळीचा घास ठेवला जाईल. कावळा येईल, आणि अर्जदाराकडे त्याला सांगण्यासारखे काही नसेल. "जास्तच दिलंय की, कमी थोडंच दिलंय" हे त्याला समजावून सांगण्यासाठी कार्यालयाने त्या वेळी एक प्रतिनिधी पाठवावा. शिडी आहे. श्री. उत्कर्ष आले तर बरे, त्यांचा स्वभाव गोड आहे. आपण स्वतः आलात तर जेवूनच जावे.

कंट्रोलर बरोबर आणल्यास, व वारा असल्यास, हातपाय धुवायला गरम पाणी मिळेल.

आपल्या उत्तराची आणि वाऱ्याची वाट पाहणारी,

(सही)
भैरवी बब्रुवान सुरवसे

दिनांक : १९ मे २०२५
स्थळ : बेंबळी

सोबत :
१) तात्यांच्या वहीतील पाने ११ ते १४, छायाप्रत. (मूळ वही आई देत नाही.)
२) स्थळपाहणी अहवालाचे पहिले पान, मूळ. एका कोपऱ्याला शेळीने खाल्ल्याची खूण आहे.
३) दहाव्यास उपस्थित असलेल्यांचे निवेदन, सह्या व अंगठे एकूण एकोणीस.
४) मृत्यूचा दाखला, तिसऱ्यांदा.