हाकेची परीक्षा

नानाखेडा, उज्जैन
१२ ऑगस्ट २०२४

ती. शैलावन्संना चारुलताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र. तुमच्या भावाला स्कूटरवरून पडून पाच महिने झाले. डोळे उघडे असतात, पण आत काही समजतं की नाही, बिलकुल कळत नाही. फ्रीगंजच्या दवाखान्यात इंदूरचे डॉक्टर येतात. हात दाबा म्हणून हिंदीत सांगतात, डोळ्यांपुढे आरसा फिरवतात. हे ढिम्म. अशा पाच तपासण्या व्हायच्या, तीन झाल्या. मग श्वास पुन्हा अडकला तर मशीन लावायची की नाही, ते लिहून द्यायचं. आदित्य म्हणतो, आई, तूच ठरव. मी काय ठरवू, कपाळ!

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
चारुलता


नाशिक
२० ऑगस्ट

चि. सौ. चारूस अ. उ. आ.

अगं वेडे, डॉक्टरांचा हुकूम जयंता धडधाकट असतानाही ऐकत नसे! तू हाक मार. तुझ्या एका 'अहो'ला तो तोंडाला दाढीचा फेस घेऊन धावत येताना मी पाहिलाय. तो आत आहे, मला खात्री आहे. काही लिहून देऊ नकोस. माझ्या पाठचा एकुलता भाऊ आहे गं तो.

जेवत जा वेळेवर. माया आहे, ती कळून घे.

तुझी,
शैलावन्सं


नानाखेडा, उज्जैन
२ सप्टेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पाचव्या तपासणीला मी 'अहो' म्हटलं आणि ह्यांनी डोळे माझ्याकडे वळवले! मी रडले, प्रतिभा नर्सही रडली. डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा वळवले. मग ते म्हणाले, त्याच आवाजात दुसरं काहीही बोला. मला काही सुचेना, 'कांदा' म्हटलं. तस्सेच वळले हो. मग पिशवी म्हटलं, कुलूप म्हटलं. सगळ्यालाच वळले. आवाज पोचतो, अर्थ पोचत नसावा, असं डॉक्टर म्हणाले. भले आहेत बिचारे. शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, हेही म्हणाले.

तुम्ही नको म्हणालात, तरी मशीन नको म्हणून मी सही करून आले. पाठीला जखमा झाल्यात, नळ्या घालताना कण्हतात, मला बघवत नाही. कागद ह्यांच्या उशाशीच बसून आदित्यनं मला मोठ्यानं वाचून दाखवला, शब्द न् शब्द. घरी आल्यावर एकदम मनात आलं, ह्यांनी ऐकलं असेल तर?

पाच महिने महाकालापुढे एकच मागितलं, ह्यांना समजू दे. आज सकाळी गेले आणि म्हटलं, काही समजत नसू दे.

रागवा, पण लोभ तोडू नका.

तुमची,
चारुलता