मी तुझ्या हातातून कोयता काढून घेतला

आई, कालच्या वादळात आमच्या मागच्या अंगणातला मेपल आडवा झाला आणि आज सकाळी मी त्याच्या फांद्या कोयत्यानं छाटायला घेतल्या. झाडं तोडणाऱ्या कंपनीला फोन केला तर म्हणाले, चार दिवस लागतील. खोड आपल्या आणि फांदीच्या मध्ये ठेवून पलीकडची फांदी तोडायची, घाव फांदीच्या खालच्या अंगानं घालायचा, ज्या फांदीवर झाडाचा भार असेल तिला हात लावायचा नाही, हे सगळं तू मला शाळेच्या सुट्टीत घाटरस्त्यावर शिकवलं होतंस. बांधकाम खात्याच्या गँगमध्ये तू रोजंदारीवर होतीस. रस्त्यात झाड पडलं की पुरुष करवत चालवायचे आणि तू कोयता घेऊन फांद्यांना भिडायचीस. मी एकदा भराभर घाव घालायला लागले, तेव्हा तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "घाई असेल तर घरी जा." तुझ्याइतकं नीट काम त्या गँगमध्ये कुणाचंच नव्हतं. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये मात्र तू काय काम करायचीस, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तू आमच्याकडे राहायला आलीस त्या उन्हाळ्यात तुला हार्डवेअरच्या दुकानात हा कोयता दिसला. "अगं, इथं पण मिळतो!" म्हणत तू अंगठ्यानं धार पाहिलीस, टोकाला वाक नाही म्हणून नाक मुरडलंस आणि तरी मला घ्यायला लावलास. आठवडाभरात वादळ आलं. समोर एकट्या राहणाऱ्या आजीबाईंचं पेअरचं झाड मधोमध फाटून त्यांच्या ड्राइव्हवेवर पडलं. त्यांना डायलिसिसला जायचं होतं. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. तू त्यांना गाडीची किल्ली हातात घेऊन रडकुंडीला आलेलं पाहिलंस आणि मला न विचारता गेलीस.

मी खिडकीतून बघते तर तू पदर खोचून उभी, निम्मा ड्राइव्हवे मोकळा झालेला, फांद्या एका बाजूला नीट रचलेल्या. चार शेजारी लांब थांबलेले. "मॅम, प्लीज, ते खाली ठेवा," असं एक जण हातात फोन धरून ओरडतोय आणि तू हसून त्याला हातानंच सांगतेयस, बाजूला हो, लागेल. मी धावत खाली आले. ही माझी आई आहे, हे तिचं काम आहे, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "सॉरी, तिला डिमेन्शिया आहे. आपण काय करतोय ते तिला कळत नाही." इतकं सहज तोंडातून निघालं! आणि मी तुझ्या हातातून कोयता काढून घेतला.

"काय म्हणतायत?" तू विचारलंस.

"इथं असं चालत नाही, आई. चल घरी."

"अगं, पण त्यांना जायचंय. दोनच फांद्या राहिल्यात."

त्या दोन फांद्या त्या माणसानं चेनसॉ आणून कापल्या. सगळ्यांनी त्याला थँक्यू म्हटलं.

त्यानंतर अख्खी गल्ली तुझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागली. आजीबाई रोज येऊन तुझा हात थोपटायच्या. "इथली माणसं किती मायाळू आहेत," तू मावशीला फोनवर सांगायचीस, "माझा हात हातात घेऊन बोलतात." मी भांडी विसळत ते ऐकायचे आणि नळ आणखी मोठा सोडायचे. तू परत गेलीस, पुढे पाच वर्षं गावी जगलीस. शेवटच्या आठवड्यातही तुला गँगमधल्या प्रत्येकीच्या मुलांची नावं पाठ होती.

आज फांद्यांचा आवाज ऐकून आजीबाई वॉकर ढकलत कुंपणापाशी आल्या. "तुझी आई आठवली," त्या म्हणाल्या. "बिचारी. शेवटी तुला ओळखायची का?" नुसतं हो म्हणून मोकळी झाले असते. पण हातात कोयता होता, अंगाला घाम होता, आणि माझ्याच्यानं हो म्हणवेना. मी सगळं सांगितलं.

"मी चार महिने तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलले," त्या म्हणाल्या. "ती माझ्यासाठी आली होती. आणि मी तिला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."

मग त्या वळल्या. मी हाक मारली, पण त्या थांबल्या नाहीत.

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं वाटलं होतं. तसं झालं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं, हा तर प्रश्नच नाही. पण एक कबूल करते, आई. तू असतीस, तर आज मी आजीबाईंनाही खरं सांगितलं नसतं. ते तुझ्यापर्यंत पोचेल, या भीतीनं.