पाण्याच्या पाळ्या, पेन्सिलीनं

माय, मी जिंकले. तू जाऊन वीस वर्षं झाली, तरी ही बातमी पहिल्यांदा तुलाच सांगावीशी वाटली, म्हणून लिहायलेय.

अफजलपूरकडच्या एका कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायचं काम माझ्याकडं आहे. गेल्या वर्षी मी एकटीनंच यादी केली, टाइप केली, शिक्का मारून पंचायतीच्या भिंतीवर लावली. दुपारपर्यंत ती फाडलेली. वरच्या गावांनी पाणी खाली सोडलंच नाही आणि शेवटच्या गावाचा ऊस उभा वाळला. यंदाही तसंच झालं असतं तर त्या गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

तेव्हा अक्काच्या लग्नाची पत्रिका आठवली. बसवकल्याणच्या घरात, चुलीपाशी बसून मी तिचा कच्चा मजकूर लिहायलेय, झकास अक्षरात, आणि तू भाकरी थापता थापता कडाडतेस, "पेननं कामून लिहायलीस? मग भावकीनं काय नुसतं वाचायचं व्हय?" तुला स्वतःला वाचता येत नव्हतं. तरी तो कागद घेऊन तू सहा घरं फिरलीस. रुसून बसलेल्या थोरल्या काकांपुढं निमंत्रकांच्या नावांची पहिली ओळ मोकळी ठेवून पेन्सिल धरलीस. "भावजी, हितं कुणाचं घालायचं? मला काय कळतंय." त्यांनी अर्थातच स्वतःचं घातलं, आणि मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं लग्न अंगावर घेतलं. मला मात्र तुझा राग आला होता. किती ते वाकायचं, असं वाटलं.

यंदा मीही वाकले. रेघा मारलेला कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन आधी वरच्या गावच्या अण्णांच्या अंगणात गेले. त्यांच्या शब्दाशिवाय कालव्याचं गेट हलत नाही. यादीतली पहिली जागा मोकळी ठेवली होती. "अण्णा, जरा बघा. इथली जमीन मला तुमच्याइतकी कळत न्हाई." त्यांनी पेन्सिल घेतली. मी मनात म्हटलं, घातलं ह्यांनी आपलं गाव.

"शेवटच्या गावाला आधी द्या म्याडम. त्यांचा वाळलेला ऊस म्या बघितलाय. पण हे मी सांगितलो म्हणून सांगा."

सांगते की. गावोगाव तेच सांगत फिरले. जो तो खोडत गेला, लिहीत गेला, आणि काल पाणी शेवटच्या शेतात पोचलं. मी चपला काढून त्यात उभी राहिले, आणि मला हसूही येईना, रडूही येईना.

आज ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही पद्धत कुठं शिकलात? मी म्हणाले, बेंगळूरच्या ट्रेनिंगमध्ये. हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुझं नाव सांगायची मला लाज वाटली, माय.