खडूच्या रेघा

ता. ३, सोमवार

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

तब्येत विचारलीस म्हणून सांगते, पण उपदेश नको. कानामागून कळ निघते ती टाळूवरून थेट डोळ्यात शिरते. केसांतून फणी फिरवायची म्हटलं तरी घाम फुटतो. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप येते, आणि पेंगत मशिन चालवलं तर कॉलरऐवजी बोट शिवून बसेन. म्हणून गोळ्या बंद. मिठाच्या पुरचुंडीने शेकून झालं, मालिशवाली झाली, सुया टोचणाऱ्या बाई झाल्या. सुयांनी दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता बाजारामागे एकजण मानेला झटका देतो. कट्ट वाजलं की शीर मोकळी, असं एक गिऱ्हाईक सांगून गेलं. शुक्रवारी चारची वेळ घेतलीय. हे नको म्हणाले. त्यांना म्हटलं, मान तुमची आहे का? शाळेचे सत्तर शर्ट शिवायचे पडलेत आणि वैतागाने दोनदा कात्री हातातून पडली.

माया पाठव, अक्कल तुझ्याकडेच ठेव.

तुझी ताई

ता. ५, बुधवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोन केला तर माझं ऐकायच्या आत ठेवून दिलास. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. शुक्रवारच्या आत पोचू दे.

मी इस्पितळात एक्स-रे फोटोच्या खोलीत पेशंट धरणारी, डॉक्टर नाही, हे तू दर वेळी ऐकवतेस. तरी ऐक. शेक, सुया, मालिश, माझी ना नाही. झटका नको. गेल्या वर्षी एक सुतार असाच झटका घेऊन आला. हात जागेवर होता, पण त्याचं ऐकत नव्हता.

आणि ताई, तुझ्या पत्रावर खडूच्या रेघा आहेत. मास्तरांनी छड्या मारल्या तरी तू कधी रेघा आखल्या नाहीस. अक्षर घसरतंय म्हणून आखल्यास ना? वैतागाने कात्री आपटतात, ती पडत नाही. हाताला मुंग्या येतात का? बटण लावता येतं का? हे डॉक्टरला सांगितलंस का? भाऊजींना तरी?

हवं तेवढं रागाव. पण जाऊ नकोस.

तुझीच धाकटी

ता. ७, शुक्रवार

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र आज दुपारी तीनला आलं. मी चप्पल घालून उभी. वाचलं, तुला चार शिव्या घातल्या आणि गेलेच.

त्याने बाकावर झोपवलं, हनुवटीखाली हात घातला. विचारलं काहीच नाही. मीच म्हटलं, उजव्या हाताला मुंग्या आहेत, चालतं का? म्हणाला, सगळं मोकळं होईल. म्हटलं, बाबा, मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, तू माझं काय माप घेतलंस? तर त्याने हनुवटी आणखी घट्ट धरली. तेव्हा घाबरले, खोटं कशाला बोलू. उजव्या हाताने ढकलायला गेले तर हात उठेना. डाव्याने त्याला ढकललं आणि घर गाठलं.

महिनाभर डाव्या हाताने हुकं लावतेय, हे घरी येऊन ह्यांना सांगितलं. तसेच गाडी आणायला गेले. इस्पितळात निघालोय. हॉर्न वाजतोय.

थोडा जीव माझ्यात अडकवून ठेव.

तुझी ताई

ता. २६, बुधवार

चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

मानेतली गादी सरकून शिरेवर बसलीय. डॉक्टर म्हणाले, झटका बसता तर हात गेला असता. ऑपरेशन तूर्त टळलंय. गोळ्या बदलल्या, सुया चालतील म्हणाले.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, काम कसं करता ते दाखवा. मी आईने शिकवलं तसा शर्ट हनुवटी नि खांद्यात दाबून धरला आणि मान झटकून दातांनी दोरा तोडला. बाई बघतच राहिल्या. रोज शंभरदा, तीस वर्षं. त्या मेल्याकडे झटका मागायला गेले होते, आणि घरबसल्या फुकट घेत होते! आता शर्ट टेबलावर राहतो. तूही तसाच दोरा तोडतेस, आजपासून सोड.

कळ अजून येते, रोज नाही. हाताचं दोन महिन्यांनी कळेल म्हणतात. उरलेले शर्ट दुसऱ्या शिवणारीला दिले. ती कॉलर वाकडी लावते, मी गप्प बसते.

या पत्रावर रेघा नाहीत. ओळी कुठे उतरल्यात ते बघ आणि तेच खरं समज. पुढच्या पत्रात रेघा दिसल्या, तर उत्तर लिहीत बसू नकोस. मिळेल ती बस धरून ये.

तुझी ताई