नऊ फाइली मिळाल्या

प्रिय छोट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण सवय जात नाही. मी बरी आहे. ऑफिसात खिडकीजवळची जागा मिळालीय, गुडघा दुखतोच, आणि तुझा भाचा माझ्याहून उंच झालाय, तुझ्यासारखीच उलट उत्तरं देतो. दोन वर्षांत तुम्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही, म्हणून आपणहून सांगते.

बातमी अशी, की बाबा तपासायला जायचे त्या हॉस्पिटलच्या वेबसाइटची देखभाल आता आमच्या ऑफिसकडे आलीय. साहेब म्हणाले, जुना कोड आहे, डोकं उठेल. मी म्हटलं, द्या मला. ती साइट तू केलीस तेव्हा बाबा शेजारपाजाऱ्यांना धरून धरून सांगायचे, माझ्या मुलाचं काम आहे. मुलाला कोड लिहायला मुलीनं शिकवलं, हे तेवढं सांगायला विसरायचे. पण खरंच सांगते, मलाही तुझं कौतुकच होतं.

आठवतं, जेवणाच्या टेबलावर तुला साइटवर फाइली चढवायचा कोड शिकवत होते? माणसानं एकदम अनेक फाइली निवडल्या, तर एकेक उचलून पाठवायची आणि शेवटी पलीकडे किती पोचल्या ते मोजायचं, असं शंभरदा बजावलं. तू जांभया देत होतास. आई म्हणाली, पुरे गं, किती पिडशील त्याला.

बाबा माझ्याकडे राहायला आले होते तेव्हा काढलेले नऊ स्कॅन मी त्या साइटवर माझ्या हातांनी चढवले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'नऊ फाइली मिळाल्या'. डॉक्टरांना दिसली एकच, शेवटची, आणि नेमकं तिच्यात काही नव्हतं. त्यांनी बाबांना तीन महिन्यांनी यायला सांगितलं. तीन महिन्यांनी सगळं हाताबाहेर गेलं होतं. बाबा गेल्यावर आठव्या दिवशी, खोलीभर नातेवाइकांसमोर तू मला म्हणालास, एवढंसं काम नीट जमलं नाही तुला? नऊही चढवल्याच्या मी शपथा घेतल्या, कुणाला पटल्या नाहीत. त्या दिवसापासून आईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

आता तुझा कोड वाचलाय. पेशंटचा नंबर हेच तू प्रत्येक फाइलीचं नाव ठेवत होतास. अरे, सगळ्यांना एकच नाव! दुसरी आली की पहिली पुसली जायची. आणि आकडा दाखवत होतास तो निवडलेल्या फाइलींचा, पोचलेल्या मोजल्याच नाहीस. हे चाचणीत कसं सुटलं, तेही सापडलं. चाचणीच्या फोल्डरमध्ये एकाच फोटोच्या पाच प्रती आहेत, तोंडावर पेपर घेऊन झोपलेले बाबा. पाचही सारख्याच. त्या चढवल्यास, उघडून बघितलंस, बाबा दिसले, झालं समाधान. चार पुसल्या गेल्यात हे कळणार कसं? चूक होते रे माणसाकडून. माझ्याकडूनही झाल्यात. एवढ्यावर मी तुला पोटाशी धरलं असतं.

पण कोडमध्ये प्रत्येक दुरुस्तीची तारीख राहते, करणाऱ्याचं नाव राहतं. बाबा गेल्यावर पाचव्या दिवशी तू ही चूक गुपचूप सुधारलीस. पाचव्या दिवशी! आणि मला बोललास आठव्या दिवशी. मेल्या, ठाऊक असताना बोललास? तीन दिवस माझ्या हातचा चहा पीत होतास त्या घरात.

काल आईला फोन केला. नातवाच्या नंबरावरून केला म्हणून तिनं उचलला. लहान पोरीसारखी रडत सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, मला माहीत आहे, त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. तू खंबीर आहेस, तू निभावून नेशील असं वाटलं, तो पार खचला असता. फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणाली, तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस हं, जिवाला लावून घेईल. आयुष्यभर तिचं ऐकत आले. हे मात्र ऐकायचं नाही असं ठरवलं, म्हणून लिहिलं.

तुझीच, त्याला आता इलाज नाही,
ताई