पाच बटणं आणि माझा सिद्धान्त

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.
आजपासून डायरी. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल. माझा सिद्धान्त असा: टंगस्टनचे दाणे निकेल-लोखंडात बसवलेला आमचा जड मिश्रधातू कितीही वेगाने ठोका, चपटा होईल, फुटणार नाही. शुक्रवारी समिती येतेय. सिद्ध केलं की प्रकल्प कायमचा माझा. भट्टीवाल्या काकांनी चार महिने खपून पाच नमुने केलेत, शर्टाच्या बटणाएवढे. मला एक पुरे.

संध्याकाळी ७.
नमुना दोन पोलादी दांड्यांमध्ये धरायचा, गॅसच्या बंदुकीने तिसरी दांडी आदळायची. पापणी लवते त्याच्या हजाराव्या हिश्शात खेळ खलास, म्हणून रेकॉर्डर आधी सज्ज लागतो. नव्हता. ज्युनिअर म्हणाली, सर, चेकलिस्ट भिंतीवर लावलीय. म्हटलं, ती नवशिक्यांसाठी. नमुन्याचे दोन तुकडे. पण नोंदच नाही, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या तो फुटलेला नाही.

४ मार्च, मंगळवार.
रेकॉर्डर सज्ज! मग मी दार लावलं, जरा जोरात. त्या हादऱ्याने रेकॉर्डिंग सुरू होऊन संपलंसुद्धा. दाराचा आलेख अप्रतिम आलाय. नमुना: दोन तुकडे. काकांनी ते उचलून तळहातावर धरले. फार वाईट वाटलं. दार दुरुस्त करायला हवं.

५ मार्च, बुधवार.
तिसरा. नमुना सहज पसरावा म्हणून ग्रीस लावतात, ते राहिलं, म्हणून बाद. (तीन तुकडे.) बायको म्हणाली, तिन्ही फुटले, तर तो फुटतच असेल ना? ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. वाद घातला नाही.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १.
जिंकलो!! चौथा छान चपटा झाला, तडा नावाला नाही. अख्ख्या विभागाला चहा पाजला. समितीच्या अध्यक्षांना स्वतः फोन करून कळवलं.

दुपारी ४.
ज्युनिअरने नमुना तोलला. म्हणाली, सर, वजन निम्म्याहून कमी भरतंय. वजनकाटा बिघडलाय.

दुपारी ४.३०.
वजनकाटा ठीक आहे. दांड्या एका रेषेत आहेत का हे बघायला आधी साध्या पोलादाचं बटण लावतात. ते काढायचं राहिलं. खरा चौथा डबीतच आहे. म्हणजे पोलाद फुटत नाही, एवढं मात्र मी निर्विवाद सिद्ध केलं.

७ मार्च, शुक्रवार.
समितीसमोर उरलेले दोन्ही ज्युनिअरने ठोकले. दोन्ही तिरके चिरले, आलेख स्वच्छ. ती म्हणाली, घाव इतका झटपट बसतो की उष्णतेला पसरायला वेळच मिळत नाही. एक बारीक पट्टा मऊ पडतो आणि धातू तिथूनच घसरतो. समितीला फुटण्याचं हे कारणच हवं होतं म्हणे. प्रकल्प तिच्याकडे गेला. अध्यक्षांनी फोनचा विषय काढला नाही, ते जास्त लागलं.

शेवटी त्यांनी काकांना विचारलं, आणखी पाच करून द्याल का? काका ज्युनिअरकडे बघून म्हणाले, देईन की, पण बाईंच्याच हातात देईन. मी शेजारीच उभा होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.