अक्कलकोटच्या हॉलमधली फ्रेम

१४ डिसेंबर, रविवार

सासुरवाडीला, अक्कलकोटला, जाऊन आलो. जेवण बरं होतं. बाकी डोकं फिरलं.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर बावीस वर्षं आमच्या लग्नाचा फोटो होता. आज तिथे माझा साडू, महेश्वर. काश्मीरच्या बर्फात, पायाला त्या लांब पट्ट्या लावून, दात काढून. फ्रेमही आमच्यापेक्षा मोठी. आमचा फोटो फ्रिजशेजारी गेलाय, कॅलेंडरच्या खाली. माझं अर्धं कपाळ तेवढं दिसतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, आमचे धाकटे जावई बर्फावरनं घसरत्यात की. घसरण्याचं कसलं कौतुक? मोरीत कुणीही घसरतो.

निश्चय: ती फ्रेम उतरवायची. तिथे माझा फोटो लागेल. स्कीइंग करतानाचा. थोरला जावई मी आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

काश्मीर नको. तिथे मेंढरं जातात, एकामागं एक. मी हिमाचलमध्ये कोटधार नावाचं ठिकाण शोधलं. स्वस्त, शांत, दोन हॉटेलं, एक उतार. गर्दी अजिबात नाही.

दाक्षायणीला सांगितलं. बायको म्हणून आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, लग्न झाल्यापास्नं तुळजापूरच्या पुढं न्हेलं न्हाय तुमी, आता एकदम बर्फात? टोमणा होता. दुर्लक्ष केलं. मग म्हणाली, मला नुसता बर्फ हातात घेऊन बघायचाय. बायकांच्या अपेक्षा लहान असतात हे एक बरं.

फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं: 'फेब्रुवारीत स्कीइंग. सगळ्यात वरून सरळ खाली. व्हिडिओ टाकीन.' महेश्वरने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! इंजिनियर झाला, पुण्यात फ्लॅट घेतला, तरी अंगठाच.

४ जानेवारी, रविवार

रोज पहाटे पाच वाजता उठून दोन किलोमीटर पळायचं ठरवलं होतं. थंडी फार आहे. थंडी संपली की सुरू करीन.

आज थेट प्रॅक्टिस. माझ्या यंत्रमागाच्या युनिटमध्ये लाइट नव्हती, माग बंद होते. टॉवेलच्या गाठी टेम्पोत चढवायचा जो सिमेंटचा उतार आहे, त्यावर सुताला लावायची खळ ओतली. पायाला दोन फळ्या बांधल्या. धुळा, आमचा माग दुरुस्त करणारा जॉबर, पंधरा वर्षं माझं मीठ खातोय, तो म्हणाला, मालक, हाडं मोडतील की, कशाला ही थेरं? त्याला गप्प बसवलं.

पहिले दोन सेकंद अप्रतिम. मग टेम्पो मध्ये आला.

टेम्पो सकाळपासून तिथेच उभा होता असं धुळा म्हणतो. तो कुणाच्या बाजूचा आहे ते आज कळलं.

१३ जानेवारी, मंगळवार

गुडघा अजून सुजलाय. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू झाली, लंगडत जाऊन नंदीध्वज पाहिले. एवढी उंच काठी कमरेवर पेलून माणसं चालतात आणि ती हलत नाही. आमच्या आजोबांनी पेललाय. म्हणजे बॅलन्स रक्तात आहे, प्रॅक्टिसची गरजच नाही. मी स्वतः पेललेला नाही, पण एका वर्षी मानकऱ्यांच्या चपला सांभाळल्या आहेत.

२० जानेवारी, मंगळवार

ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, बर्फातले कपडे तिथे भाड्याने मिळतात. भाड्याचे! दुसऱ्याच्या घामाचे! सोलापुरी चादर विणणाऱ्याने नायलॉनच्या पिशवीत शिरायचं?

स्वतःच्या मागावरच्या चादरीचा कोट आणि पँट शिवायला टाकली. मरून रंग, दुहेरी. आतून आमच्याच जाड टॉवेलचं अस्तर. शिंप्याने विचारलं, गादीची खोळ हाय का? माप घ्यायला लागल्यावर कळलं त्याला.

दाक्षायणी म्हणाली, सुती हाय की, भिजलं की जड होतंय. बावीस वर्षं माझ्या धंद्याचं खाते आणि मलाच सूत शिकवते.

७ फेब्रुवारी, शनिवार. कोटधार

पोचलो. रेल्वेत वैताग, बसमध्ये उलट्या (माझ्या). माकडाने शेंगाचटणीची पुडी पळवली. माकडंही महेश्वरच्या वळणाची.

बर्फ बघून निराशा झाली. सगळीकडे सारखाच. दाक्षायणी मात्र बसमधून उतरली ती ओंजळ भरून उभी राहिली. बोटं लाल झाली तरी टाकेना. तिचं काम झालं. आता माझं.

गर्दी खरंच नाही. आम्ही दोघं आणि एक म्हातारं बंगाली जोडपं, तेही खोकत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

शिकवायला बाई आहे. वय साठ. हातात विणकाम, तोंडाने हिंदीतून हुकूम. म्हणे दोन्ही पाय पुढून जुळवा, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखे, म्हणजे ब्रेक लागतो. मी पिझ्झा खात नाही. शिवाय मला ब्रेक नको आहे, मला सरळ खाली यायचं आहे.

दिवसभरात अकरा वेळा बसलो. पडलो नाही, बसलो. कोट फार गुणी निघाला, खाली जेवढा बर्फ वितळला तेवढा सगळा आत घेतला. आमच्या टॉवेलची जाहिरातच आहे: एका पुसण्यात कोरडं. स्वतःच्या मालाची क्वालिटी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी कोट उचलायला हॉटेलची दोन माणसं लागली.

दाक्षायणीने न विचारता भाड्याचा लाल सूट घेतला आणि क्लासला उभी राहिली. बाई म्हणाल्या, गुडघे छान वाकवता. ही म्हणाली, भाकऱ्या थापत जल्म गेला, गुडघ्याला काय शिकवायचं? दोघी हसल्या. क्लासमध्ये शिस्त नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सविस्तर लिहितो, नाहीतर लोक भलतंच सांगतील.

कोट वाळला नव्हता. तसाच घातला. बाहेर उणे सहा. उतारावर ओढून नेणारी दोरी धरून वर पोचेपर्यंत तो गोठला. हात आडवे झाले होते ते खाली येईनात. कंबर वाकेना. ज्वारीच्या रानातल्या बुजगावण्यासारखा वर उभा होतो. बाई खालून ओरडत होत्या, उतरू नका. मी मागे हटणाऱ्यांतला नाही, आणि हटता येतही नव्हतं.

निघालो. तीन फूट उत्तम गेलो.

मग आडवा झालो आणि तसाच राहिलो. उठायला वाकावं लागतं. गर्दी नसण्याचा तोटा तेव्हा कळला: उचलायला कुणी नसतं. बंगाली जोडप्याने लांबून हात हलवला. मला हलवता आला नाही.

तेवढ्यात वरून लाल काहीतरी सर्रकन आलं. आमची ही! पदर नाही, टोपी मागे पडलेली, गुडघे वाकवून सरळ खाली. जाता जाता ओरडली, अहो, बाजूला व्हा की! मी कुठे होणार?

ती हसत होती. बावीस वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नाही. मला राग आला. कशाचा, ते नीट सांगता येत नाही. बर्फाचा असेल.

मला लाकडं ओढायच्या फळीवर बांधून खाली आणलं. म्हणजे उतार मी पूर्ण उतरलो, सगळ्यात वरून आणि सरळ. आडवा उतरलो हा तपशील आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ग्रुपवर लिहिलं: 'हवामान खराब. स्कीइंग रद्द.'

चार मिनिटांनी दाक्षायणीने आपला फोटो टाकला. बाईंनी काढलेला. ऊन लख्ख. महेश्वरने या वेळी अंगठा पाठवला नाही. अख्खं वाक्य लिहिलं: अक्का, मला तर चार दिवस लागले होते उभं राहायला, त्या फोटोत मागनं एकानं धरलंय मला.

म्हणजे तोही धरलेला! गेल्या दोन महिन्यांतली पहिली चांगली बातमी. पण सांगायला कुणी नाही. ही बाईंबरोबर पुन्हा वर गेली आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

अक्कलकोट. निश्चय पूर्ण झाला. ती फ्रेम उतरली.

मीच स्टूलवर चढून उतरवली. महेश्वर फ्रिजशेजारी गेला, आमच्या लग्नाच्या फोटोला लागून. टीव्हीच्या वर आता दाक्षायणी. लाल सूट, वाकलेले गुडघे, ते हसणं. फ्रेम सगळ्यात मोठी. सासूबाईंनी गल्लीतल्या बायका बोलावल्या होत्या.

फोटोत मागे, डाव्या कोपऱ्यात, बर्फात मरून रंगाचं काहीतरी पडलंय. चादरीची नक्षी अगदी स्वच्छ आली आहे.

सासूबाईंनी चष्मा लावला, जवळ गेल्या आणि बोट ठेवलं. दाक्षू, मागं हे गाठोडं कुणाचं ग?

दाक्षायणीने माझ्याकडे पाहिलं. मी स्टूलवरच होतो, हातात हातोडी.

सामान हाय, अव्वा, ती म्हणाली. आमचंच हाय.